दहा, कुठल्या भोंग्यापासून?

सन दोन हजार तेवीस. मला शहात्तर पुरी झालेली, आणि ऑक्टोबर असा तापला होता की आमच्या लालबागच्या खोलीतली लोखंडी कॉट दुपारी पाठीला चटके द्यायची.

यंदा ते ऊन पुन्हा आलंय. गणपती जातात, पाऊस जातो, आणि मग हे दिवस येतात. पंचांगात याला शरद ऋतू म्हणतात, चांदणं, निरभ्र आकाश वगैरे. शरद आमच्या गिरणगावात कधी आला नाही. इथे ऑक्टोबर येतो. गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवला की मागे घ्यावा लागतो, माठातलं पाणी दुपारपर्यंत कोमट होतं, आणि बाजारात झेंडूचे ढीग लागले की त्या कडवट वासाने डोकं चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे जातं. लोक म्हणतात, म्हातारपणी जुनं विसरावं. मी विसरणार नाही. विसरा म्हणणाऱ्यांचं काही गेलेलं नसतं.

मी चौथी पास. अठराव्या वर्षी गिरणीत लागलो, साचाखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे; मागाला आम्ही साचा म्हणायचो. ऑक्टोबर हा साचाखात्याचा सर्वांत वाईट महिना. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद आणि वरच्या नळ्यांतून पाण्याचा फवारा. बाहेर भट्टी, आत वाफ. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांचा आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचायचे. मला आजही समोरच्या इमारतीतलं भांडण आवाजाशिवाय कळतं. कापसाची कुसं भुवयांवर बसायची आणि घामाने तिथेच चिकटायची. पाळी सुटली की आम्ही पंचविशीतली पोरं पांढऱ्या भुवयांची म्हातारी दिसायचो, मग नळावर तोंड धुतलं की पुन्हा तरुण. आता कितीही धुतलं तरी भुवया पांढऱ्याच राहतात.

आणि भोंगा. आमच्या गिरणीचे सकाळचे भोंगे तीन. पहिला सव्वासहाला, उठवणारा. दुसरा पावणेसातला, फाटक उघडणारा. तिसरा सातला, साचे सुरू करणारा. घड्याळ होतं कुणाकडे? आमचा सगळा दिवस भोंग्यापासून मोजलेला. म्हणून साचाखात्यात नुसतं ‘दहा मिनिटं’ कुणी म्हणत नसे. एखादा नवा बदली कामगार म्हणालाच, तर चौघं जण एकदम ओठ हलवायचे: कुठल्या भोंग्यापासून? पहिल्यापासून दहा मिनिटं म्हणजे तू अजून दात घासतोयस, तिसऱ्यापासून दहा मिनिटं म्हणजे तुझा साचा चालू पाहिजे. दहाचा आकडा तोच, पण एकात माणूस वेळेवर, दुसऱ्यात कामचोर.

हे मला इतकं साधं वाटायचं की यात शिकवण्यासारखं काही आहे, हे शहात्तराव्या वर्षापर्यंत कळलं नव्हतं.

माझी नात मानसी. दिलीपची, म्हणजे माझ्या मुलाची, एकुलती. कॉम्प्युटरची इंजिनीअर. तिची कंपनी तेव्हा आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायला सांगायची, आणि आमच्या खोलीत जागा एकच, आजीच्या शिवणयंत्राचं टेबल. आजी जाऊन सहा वर्षं झाली होती. यंत्र आत घडी करून, वर लॅपटॉप. मानसीचा पाय अधूनमधून खालच्या पायट्यावर पडायचा, चाक फिरायचं, आणि मी दचकून बघायचो.

तिच्या पडद्यावर चित्रं-बित्रं काही नसायची. काळा पडदा, पांढरी अक्षरं. एक ओळ लिहायची, बोटाने ठोकायची, खाली दहा ओळी उमटायच्या.

“काय करतंस गो बाय?” एकदा मी विचारलं.

“आबा, प्रोग्राम चालतो ना, तो कुठे अडतो, कुठे रेंगाळतो, ते पकडायचं हत्यार आहे. आमची टीम ते हत्यार बनवते.”

“म्हणजे स्टॉपवॉचवाला.”

“कोण?”

“गिरणीत यायचा एक. हातात घड्याळ, काखेत लाकडी फळी. कुणाचा साचा किती वेळ बंद होता ते लिहायचा.”

“हां, तसंच अगदी.”

“मग तुझी नोकरी मला पसंत नाही,” मी म्हणालो. ती हसली. मी थट्टा केली नव्हती.

त्या नवरात्रात ती हसेनाशी झाली. जेवताना भात चिवडायची. चौथ्या माळेला दिलीपने खोदून विचारलं तेव्हा बाहेर पडलं. मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. एका मोठ्या प्रोग्रामचा एक भाग मानसीने लिहिलेला. तो प्रोग्राम सुरू झाला की तिचा भाग आधी सगळी माहिती भरून घेतो, साताठ मिनिटं राबतो, आणि मग दिवसभर गप्प. प्रोग्राम सावकाश चालतो अशी तक्रार आली. तिचे वरिष्ठ निखिल सर. त्यांनी हेच हत्यार लावलं. त्यांना बघायची होती प्रोग्रामची दहा ते पंधरा मिनिटं, भरणी आटोपल्यानंतरची. त्यांनी लिहिलं दहा, पंधरा. पण ते हत्यार त्यांनी प्रोग्रामच्या दहा मिनिटं आधी चालू केलं होतं, आणि जो पर्याय लिहिला तो हत्यार चालू झाल्यापासून मोजणारा. म्हणजे दिसली ती प्रोग्रामची पहिली पाच मिनिटं. तिथे बघावं तर मानसीचाच भाग राबतोय. निखिल सरांनी निकाल दिला, मानसीचं काम ढिलं. आणि तो निकाल तिच्या वर्षाच्या शेऱ्यात गेला.

“मग सांग ना त्यांना,” तिची आई म्हणाली.

“सांगितलं. ते म्हणाले, बघू. पण आता शेरा सिस्टिममध्ये चढलाय. दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी दुपारपर्यंत मला ‘मान्य’ दाबायचंय. नुसती फॉर्मॅलिटी आहे म्हणाले.”

“मग दाब आणि मोकळी हो,” दिलीप म्हणाला. “पुढच्या वर्षी चांगला शेरा घे. वरच्याशी वाकडं कशाला?”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. नुसती फॉर्मॅलिटी. हे वाक्य मी ऐकलं होतं. तेव्हा त्याला दुसरे शब्द होते.

ब्याऐंशीच्या संपाच्या सव्वा वर्ष आधीची गोष्ट, असाच ऑक्टोबर, खंडेनवमीच्या आसपास. साच्यांना हार घालायचे म्हणून झेंडूच्या टोपल्या आल्या होत्या, त्या वाफेत फुलं अर्ध्या तासात मलूल. मी तेहतीस वर्षांचा. तिसरा भोंगा झाला तेव्हा माझा एक साचा बंद होता, कारण त्यावरचा सुताचा रूळ संपलेला, ज्याला आम्ही बीम म्हणतो. नवा बीम चढवायचं काम फिटरचं, विणकराने त्यात हात घालायचा नाही, बाजूला उभं राहायचं. मी उभा होतो. नेमका तेव्हा स्टॉपवॉचवाला आला. सात ते साडेसात उभा राहिला, फळीवर लिहिलं, गेला. साडेसातला माझा साचा सुरू झाला तो पाळी सुटेपर्यंत धागा तुटला नाही, ते बघायला कुणी नव्हतं.

दोन दिवसांनी इंग्रजी कागद आला. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, म्हणाला, “सही कर. नुसता कागद आहे.”

मला सहीचा अभिमान होता. खात्यात अंगठे उठवणारे पुष्कळ, माझी सही वळणदार. मी ती वाचता न येणाऱ्या कागदाखाली केली. त्यात लिहिलं होतं, कामात हयगय, कामगार रिकामा उभा. हे मला तीन वर्षांनी कळलं. संपानंतर माणसं परत घ्यायची यादी निघाली, आणि खिडकीतल्या कारकुनाने तोच कागद पुढे सरकवला. म्हणाला, तुमच्यावर शेरा आहे, सहीसकट, ठेवा तुमच्याकडेच. मी आत गेलो नाही तो नाहीच. पुढची बावीस वर्षं शिवडीच्या एका गोदामावर पहारा केला, चिखलाचा वास घेत, खोक्यांवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचत.

आणि ते अर्ध्या तासावरून. वेळेचा तुकडा कुठून कापला एवढ्यावरून.

पास्कल माझा त्या वेळचा दोस्त, भायखळ्याला राहतो. तोच तो फिटर. दर रविवारी प्रार्थना आटोपून माझ्याकडे येतो आणि गॅलरीत बसून माझा चहा नावं ठेवत पितो. त्या रविवारी मी त्याला मानसीचं सांगितलं.

“तुझ्यासारखंच झालं की रे,” तो म्हणाला. “तो बीम मीच चढवलेला. साडेसातला सुरू करून दिला तुझा साचा, बरोबर साडेसातला.”

“एवढं बरोबर आठवतं तर तेव्हा का नाही बोललास?”

“मला कुणी विचारलं?” पास्कलने बशी खाली ठेवली. “आणि तू तरी बोललास? तू तर सही केलीस. झोकदार.”

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी त्याला जिन्यावरून खाली घातला असता. पण पास्कल खरं बोलत होता, आणि चहाही माझाच पीत होता.

मानसी मात्र नुसती आपलं नाव धुऊन घ्यायला निघाली नव्हती. हे मला नंतर कळलं, आणि मला तिचा तेवढा एकच राग आला की आधी का नाही सांगितलं. ती म्हणत होती, सर चुकले त्यात सरांचा दोष थोडा, हत्याराचा जास्त. कधीपासून कधीपर्यंत बघायचं हे सांगायला त्या हत्यारात नऊ पर्याय होते. एक घड्याळाप्रमाणे, एक हत्यार चालू झाल्यापासून, एक प्रोग्राम सुरू झाल्यापासून, एक शेवटापासून उलटा, एक टक्क्यांत, आणि असेच. वर्षानुवर्षं ज्याला जसा लागला तसा त्याने जोडला. दोन एकत्र लिहिले तर एक दुसऱ्याला खाऊन टाकायचा, आणि हत्यार चकार शब्द काढायचं नाही.

“पाणी प्यायला घरात नऊ तांबे,” मी म्हणालो, “त्यातले दोन गळके.”

“तेच मी म्हणतेय आबा. मला एकच ठेवायचाय. पासून आणि पर्यंत. मोजायचं ते नेहमी प्रोग्राम सुरू झाल्यापासून. पासूनची बाजू रिकामी ठेवली तर अगदी पहिल्यापासून. पर्यंतची रिकामी ठेवली तर शेवटपर्यंत. आणि काही उलटसुलट लिहिलं तर त्याने थांबून सांगायचं, तुझं चुकतंय.”

“मग कर.”

“निखिल सर नाही म्हणतात. म्हणतात, हे तज्ज्ञांचं हत्यार आहे. तुझ्या आजोबांसाठी बनवत नाही आपण.”

पंखा फिरत होता, गरम हवा इकडची तिकडे करत. मी म्हणालो, “विचार त्याला. आजोबा आले तर चालतील का.”

दिलीप म्हणाला, “बाबा, तुमचा काय संबंध? तिची नोकरी घालवाल.”

“माझी घालवली तेव्हा पण सगळे गप्पच होते,” मी म्हणालो. “काय राहिली?”

तो उठून पंख्याचं बटण फिरवू लागला. वाईट वाटलं मला. पण शब्द मागे घेतला नाही.

त्यांच्या वरच्या मॅडम नागपूरच्या, त्यांना ही कल्पना गमतीची वाटली. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी, संध्याकाळी सहाला बोलावणं ठरलं. मधले चार दिवस मी त्या काळ्या पडद्यासमोर बसलो. आधी एका बोटाने, मग दोन. अक्षरं मला गोदामाच्या खोक्यांनी शिकवलेली, तेवढी पुरली. आपण लिहितो आणि ते उत्तर देतं, हे मला आवडलं. मधे चित्र नाही, दलाल नाही. पण जुन्या पर्यायांनी मला रडवलं. दर वेळी काहीतरी उत्तर यायचं, आणि दर वेळी ते खरं वाटायचं. खंडेनवमीला सुनेने लॅपटॉपला हळदकुंकू लावून झाकणावर झेंडूचं फूल ठेवलं. मी त्याला हात जोडले नाहीत. साच्याला जोडायचो, साच्याने कधी माझी चहाडी केली नव्हती.

गुरुवारी इस्त्रीचा सदरा घालून बसलो. सुकलेलं फूल अजून झाकणाच्या कडेला चिकटलेलं. पडद्यावर चार-पाच चेहरे, त्यात चष्मेवाला निखिल, दिलीपहून लहान, बोलायला गोड. मानसी माझ्या शेजारी उभी, तिचा हात माझ्या खांद्यावर. तो गार होता, एवढ्या उन्हात.

मॅडम म्हणाल्या, “आजोबा, तक्रारीच्या वेळची नोंद समोर आहे, त्यातली प्रोग्रामची दहा ते पंधरा मिनिटं दाखवा. आधी जुन्या पद्धतीने.”

नऊ पर्यायांची यादी समोर होती. मला जो सरळ ‘पासून’सारखा दिसला तो लिहिला. दहा, पंधरा. आकडे उमटले. सगळ्यांत वर मानसीचा भाग.

“झालं,” मी म्हणालो.

“ही पहिली पाच मिनिटं आहेत, आबा,” मानसी म्हणाली.

“चुकलो तर. पण यानं मला सांगितलं नाही की मी चुकलो.”

निखिल हसून म्हणाला, “आजोबा, माहितीपत्रात सगळं लिहिलेलं आहे.”

“किती पानी आहे ते?”

“मोठं आहे तसं.”

“तुम्ही वाचलंत?”

कुणीतरी खोकलं. मग मी नव्या पद्धतीने लिहिलं. एकच पर्याय, दहा, पंधरा. हत्यार आधीच म्हणालं, प्रोग्राम सुरू झाल्यापासून मोजतोय. आणि आकडे आले ते बरोबर, मानसीचा भाग तळाला, झोपलेला. मग मी मुद्दाम उलटं लिहिलं, पंधरा ते दहा. हत्यार थांबलं आणि म्हणालं, शेवट सुरुवातीच्या आधी येतोय.

“बघा,” मी म्हणालो, “हे बोलतं. तुमचं जुनं खोटं बोलत नाही, पण गप्प बसतं. आमचा जॉबरही गप्प बसायचा.”

निखिल म्हणाला, “पण आमच्या लोकांना सवय आहे आजोबा. ते चुकत नाहीत.”

“निखिलराव, तुम्ही पण दहा ते पंधराच लिहिलं होतंत. माझ्या नातीला ढिली ठरवलीत तेव्हा. मला एवढंच सांगा. दहा, कुठल्या भोंग्यापासून?”

“भोंग्यापासून म्हणजे?” मॅडमनी विचारलं.

मी सांगितलं. तीन भोंगे सांगितले, बीम सांगितला, फळीवाला सांगितला. कागदाचं सांगितलं नाही, तो माझा होता. निखिलने चष्मा काढून पुसला, आणि हळूच म्हणाला, “मी तपासलं नव्हतं. कुठून मोजतंय ते.”

मॅडम म्हणाल्या, नवा पर्याय घ्यायचा. जुने काही महिने राहतील, पण जो वापरेल त्याला हत्यार टोकेल की हा जाणार आहे. शेऱ्याचं त्या काही बोलल्या नाहीत. ते मानसीने आणि निखिलने बघायचं. पुढे महिन्याभराने निखिलने स्वतःच्या हाताने नव्या पर्यायाने तपासून शेरा बदलला. माफी मागितली नाही. न मागो. आकडा बदलला, तो मला माफीपेक्षा जवळचा. पण त्या गुरुवारी हे काही ठाऊक नव्हतं. शुक्रवारची दुपार समोर उभी होती, आणि दिलीप दाराशी येऊन म्हणाला, “मानसी, आता तुझं म्हणणं ऐकलं त्यांनी. उद्या ‘मान्य’ दाबून टाक, ताणू नकोस.”

मानसीने माझ्याकडे बघितलं. मी झाकणाच्या कडेचं सुकलेलं फूल काढून ठेवलं. सही ज्याची त्याने ठरवायची.

आता यंदाच्या उन्हात हे लिहिताना वाटतं, माणसाला मोजायला हरकत नाही. मोजा. मी आयुष्यभर मोजला गेलोय, मला त्याची भीती नाही. पण आधी सांगा कुठून मोजताय. ज्याच्या हातात घड्याळ, त्यानेच सुरुवात ठरवायची आणि ती सांगायचीही नाही, हे मला साचाखात्यात मान्य नव्हतं आणि आता तर मुळीच नाही. आजही कुणी मला म्हणतं, काका, तुमच्या काळात लोक काम करत नव्हते म्हणून गिरण्या बसल्या, तेव्हा मी त्याला तोच एक प्रश्न विचारतो. बहुतेक जण भोंगा म्हणजे काय तेच विचारतात. मग मी चहा सांगतो आणि पहिल्यापासून सुरू करतो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मानसीने डबा भरायच्या आधी लॅपटॉप उघडला आणि ‘मान्य नाही’ दाबलं. खाली दोन ओळी कारण लिहिलं. दिलीप शेजारी दाढी करत होता, आरशातून बघत राहिला, साबण सुकेपर्यंत. ती ऑफिसला गेल्यावर मी कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली. तळाशी, आजीच्या लग्नातल्या शालूखाली, तो इंग्रजी कागद होता. घडीवर पिवळा पडलेला, सही अजून निळी. ती खोडावी असं क्षणभर वाटलं. नाही खोडली. केली होती ती मीच केली होती. मी शिवणयंत्राच्या टेबलाशी बसलो, पायट्याला पाय लागू दिला, आणि सहीच्या खाली मराठीत लिहिलं: बीम बदली, तिसऱ्या भोंग्यापासून साडेसातपर्यंत. मान्य नाही. तेव्हापासून.

पर्यंतची बाजू रिकामी ठेवली. आणि खाली पुन्हा सही केली, या वेळी वाचून.